विषय : शिक्षा मिळणेबाबत

बावीस वर्षं मी एका सरकारी कचेरीच्या भिंतीला टेबल लावून लोकांचे अर्ज लिहितो. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि झेरॉक्स मशीन आहे. अर्ज मात्र तेच. रेशनकार्डावरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव, शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी. एका आजोबांसाठी तर ते जिवंत असल्याचा अर्ज मी तीनदा लिहिला. पण ‘मला शिक्षा द्या’ असा अर्ज लिहून मागणारा माणूस बावीस वर्षांत एकच भेटला, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा निघावा, हे माझं नशीब.

दाजींचं नाव अमरसिंह. नाव ऐकून वाटतं की माणूस घोड्यावर बसूनच दारात येईल. प्रत्यक्षात साडेपाच फूट उंची, पुढे आलेलं पोट, खिशात कायम टेस्टर, आणि स्वभाव असा की मिसळीच्या हॉटेलात दुसऱ्यांदा कटाचा रस्सा मागायची लाज वाटते. शहराच्या कडेला एका सबस्टेशनवर ते ऑपरेटर आहेत. म्हणजे वीज बंद करायची आणि वीज चालू करायची, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं.

गेली तीन वर्षं ताईच्या घरात कुठलंही बटण सरळ दाबलं जात नाही. मिक्सर लावायचा झाला की दाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात आणि घरातल्या एकेकाला हाक मारतात. ज्याला हाक आली त्यानं आपलं नाव सांगायचं आणि ‘मी बाजूला हाय’ असं म्हणायचं. वरच्या मजल्यावर झोपलेला असला तरी म्हणायचं. सगळ्यांचं म्हणून झालं की दाजी आणखी एकदा मोजतात, मग बटण. तोवर ताईची भाकरी तव्यावर करपलेली असते. पाण्याची मोटर, इस्त्री, पंखा, सगळ्याला हाच कायदा. ताई आता चटणी खलबत्त्यात कुटते. तिचे दंड माझ्यापेक्षा भरले आहेत.

भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला मुरगूडचे व्याही आदल्या दिवशीच मुक्कामाला आले. सकाळी ते अंघोळीला गेले. अंगाला साबण लावून गिझरच्या गरम पाण्याची वाट बघत बसले, तर दारावर थाप पडली आणि दाजींचा आवाज आला, नाव सांगा पावणं. व्याह्यांना वाटलं, इकडची काही रीत असेल. त्यांनी वडिलांच्या नावासकट, गाव आणि तालुका जोडून नाव सांगितलं. दाजी म्हणाले, बाजूला हाय म्हणा. व्याही म्हणाले, अंघोळीला आलोय, बाजूला कुठं जाऊ? हा वाद दहा मिनिटं चालला. शेवटी व्याह्यांनी गार पाण्यानंच अंग धुतलं. लग्न झालं, भाची सुखात आहे, पण व्याही पुन्हा मुक्कामाला आलेले नाहीत.

कामावर तर कहरच. लाईनवर गेलेल्या माणसाचा ‘काम झालं’ असा फोन आला, तरी दाजी वीज सोडत नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी मोटरसायकल घेऊन खांबापाशी पाठवतात. खांबावरच्या माणसाला खाली उतरवून, गाडीवर बसवून सबस्टेशनात आणायचं. तिथं एक लाकडी बाकडं आहे, त्यावर त्याला बसवायचं. गेले तेवढे बाकड्यावर दिसले की मग लाईन चालू. त्यामुळे दाजींच्या पाळीत वीज गेली की अर्धा तास उशिराच येते. लोक शिव्या देतात. दाजी त्या शांतपणे ऐकतात आणि पुन्हा बाकडं मोजतात.

हे सगळं तीन वर्षांपूर्वी वळवाच्या एका संध्याकाळी सुरू झालं. वारं सुटलं, फांदी पडून तार तुटली. नियम असा आहे की जो माणूस खांबावर चढणार, तो ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर लाईन बंद करतो, आणि त्याच माणसानं ‘मी उतरलो’ असं स्वतः सांगेपर्यंत ती चालू करत नाही. त्या दिवशी खांबावर चन्नवीर होता. निपाणीकडचा, दाजींच्याच वयाचा. दोघं बरोबर नोकरीला लागले, वीस वर्षं एका डब्यात जेवले. लाईनच्या दुसऱ्या टोकाला फांद्या काढायला सम्राट नावाचा हेल्पर होता. आणि नेमकं त्याच संध्याकाळी शेजारच्या गावात जत्रेचं कुस्तीमैदान. पैलवान आखाड्यात उतरलेले आणि दिवे गेलेले.

दाजींच्या टेबलावरचा फोन तासाभरात साठ वेळा वाजला. सरपंच झाले, पंच झाले, सरपंचांचे पाहुणे झाले. एकानं तर पैलवानांची अंगं गार पडायला लागली आहेत, याला जबाबदार कोण, असं विचारलं. एकसष्टावा फोन ‘झालं काम, सोडा लाईन’ असा आला. दाजींनी सोडली. काम झालं होतं ते सम्राटच्या टोकाचं. चन्नवीर अजून वर होता.

खाली उसाच्या मऊ सरीत पडला म्हणून तो वाचला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

चौकशी झाली. ‘फोन मीच केला होता’ असं सम्राटनं लिहून दिलं. त्याच्यावर ठपका आला आणि त्याची मलकापूरला बदली झाली. आवाज ओळखण्यात गल्लत झाली असं धरून दाजी निर्दोष सुटले. चन्नवीर बरा झाल्यावर त्याला कचेरीत तक्रारीच्या फोनवर बसवलं. दाजींनी चन्नवीर कचेरीत नसेल तेव्हाची, कायमची उलटी पाळी मागून घेतली. दवाखान्यात ताई जाऊन आली, मी जाऊन आलो, सगळं ऑफिस जाऊन आलं. दाजी गेले नाहीत. तिथून पुढं तीन वर्षं त्यांनी चन्नवीरला तोंड दाखवलं नाही.

चौकशीनंतर दोन महिन्यांनी ते माझ्या टेबलाशी येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, विषय लिही, शिक्षा मिळणेबाबत. मला चेष्टा वाटली. त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं लिहायला घेतलं. गुन्हा काय लिहू, असं विचारलं तर म्हणाले, कामात कसूर, एवढंच लिही.

सरकारात प्रत्येक गोष्टीचा नमुना असतो, पण आपणहून शिक्षा मागण्याचा नाही. पहिल्या अर्जाला उत्तर आलं की अर्जात नियमाचा उल्लेख नाही. दुसऱ्यात नियम घातला, तर चौकशी पूर्ण झाल्यामुळे अर्ज निकाली काढला. तिसरा चुकून पेन्शनच्या टेबलावर गेला, त्यांनी अजून अकरा वर्षं नोकरी शिल्लक असल्याचं कळवलं. चौथ्याला कारकुनानं विचारलं, तक्रार कोणाची आणि कोणाविरुद्ध? दाजी म्हणाले, माझीच, माझ्याविरुद्ध. मग नियमाप्रमाणे दाजींच्या तक्रारीवरून दाजींवर कारवाई का करू नये, अशी नोटीस निघाली. दाजींनी सगळं कबूल असल्याचा खुलासा दिला, आणि फाईल हरवली. पाचव्या अर्जाला मोठ्या साहेबांनी स्वतः बोलावून चहा पाजला आणि आठ दिवस कोकणात जाऊन या म्हणाले.

प्रत्येक वेळी मी दाजींवर चिडायचो. फोन आला, तुम्ही लाईन सोडली, यात तुमचा अपराध कोणता, असं विचारायचो. ते म्हणायचे, तू लिही. मला वाटायचं, माणूस फुकट स्वतःला छळून घेतोय आणि वर माझा कागद फुकट घालवतोय.

मग या जानेवारीत सुरक्षा सप्ताह आला. तीन वर्षांत दाजींच्या पाळीत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. बाकड्याचा प्रताप. खात्यानं त्यांना सुरक्षेचा पुरस्कार जाहीर केला. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र आणि पाच मिनिटं भाषण. आणि कुणातरी हळव्या अधिकाऱ्याच्या डोक्यातून अशी कल्पना निघाली की हा पुरस्कार अपघातग्रस्त कर्मचारी चन्नवीर यांच्या हस्ते द्यावा. पत्रात तसं छापूनच आलं.

ते पत्र वाचल्यापासून दाजींचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे आणि भाताचे डोंगर करून उठायचे. ताई घाबरली. साखर तपासायची आहे असं सांगून तिनं त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरकडं नेलं, सोबत मला घेतलं. डॉक्टर स्वप्नाली वयानं लहान होत्या. त्यांनी टेबलावरचा दिवा लावायला हात पुढं केला, तर दाजींनी त्यांनाच नाव विचारलं आणि बाजूला व्हायला सांगितलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, बाजूला झाल्या, आणि मग ते कागदावर टिपून घेतलं.

तासभर त्या एकट्या दाजींशी बोलल्या. मग त्यांची परवानगी घेऊन आम्हाला आत बोलावलं. अपघातानंतर काही माणसांच्या मनात भीती घर करते, त्या म्हणाल्या. तोच क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं येतो, साध्या आवाजानं दचकायला होतं, झोप उडते. ते यांना थोडंफार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. “पण यांचं मूळ दुखणं वेगळं आहे. आपल्याला काही होईल याची यांना भीती नाही. आपण आपल्याच मनाविरुद्ध वागलो, हे यांना सोसत नाही. भीतीचा घाव आणि हा घाव एक नव्हे.”

त्याची गोळी कोणती, असं मी विचारलं. गोळीनं झोप लागेल, त्या म्हणाल्या, पण हे ज्याच्या बाबतीत घडलं त्याच्यासमोर बसून खरं काय ते कधीतरी बोलावं लागेल. आणि तो माफ करेलच असं मी सांगू शकत नाही. इतकं खरं बोलून या बाईंचा दवाखाना कसा चालणार, याची मला काळजी वाटली.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी दाजी पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी हजर. विषय लिही म्हणाले, पुरस्कार न स्वीकारणेबाबत. माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉप मिटला, समोरच्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं आणि दाजींना स्कूटरवर बसवलं. कुठं चाललोय ते त्यांना वळणावरच कळलं. मागून म्हणाले, “आज नको. आज अमावास्या हाय. ती घरात नसत्यात, आदमापूरला देवाला जात्यात.”

हे तुम्हाला कसं ठाऊक, मी विचारलं. दाजींनी पिशवी पोटाशी धरली.

चन्नवीरच्या घराला बँकेला नसेल एवढा बंदोबस्त होता. दाराला लिंबू-मिरची, काळी बाहुली, घोड्याची नाल, कसलातरी ताईत, उंबऱ्यावर विभूतीचे तीन पट्टे. दार चन्नवीरच्या आईनं, शांतव्वानं उघडलं. उद्या मुलाचा कार्यक्रम म्हणून ती मंडळी या खेपेला घरीच थांबली होती. म्हातारीनं दाजींना ओळखलं, तिचा चेहरा उजळला, आणि मग तिची नजर पिशवीत गेली. पिशवीत गुळाची किलोभराची ढेप होती. म्हातारी दोन पावलं मागं सरली.

“यव्वा,” ती म्हणाली. “तीन वर्सं माझ्या दारात गूळ ठेवतोय त्यो तू व्हय?”

मग सगळं बाहेर आलं. दर अमावास्येला ही मंडळी आदमापूरला गेली की दाजी येऊन दारात एक ढेप ठेवून जायचे. चन्नवीरला गूळ फार आवडतो, डब्यातली गुळाची पोळी तो आधी संपवायचा, म्हणून. आणि अमावास्येला दारात कुणी नाव-गाव न सांगता गूळ ठेवला, तर घरातली बाई काय समजेल? शांतव्वानं समजायचं तेच समजलं. आधीच पोराचा हात गेलेला, त्यात ही करणी. तिनं मठातल्या स्वामींना तीनदा बोलावलं. नारळ फोडले, ताईत बांधले. शेवटी दाराची दिशा बाधते म्हणून दक्षिणेचं दार विटांनी बुजवून पूर्वेला नवीन काढलं. पुढच्या अमावास्येला ढेप नवीन दारात.

म्हातारीनं हळूच विचारलं, “चांगला गूळ व्हता?”

“चुलतभावाच्या गुऱ्हाळातला, मावशी. एक नंबर.”

“आनि म्या चिमट्यानं धरून वढ्यात टाकला,” म्हातारी म्हणाली आणि कपाळाला हात लावून खालीच बसली. “छत्तीस ढेपा.”

आतून हसण्याचा आवाज आला. चन्नवीर चौकटीत उभा होता आणि भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. मीही हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांची नजर त्याच्या शर्टाच्या उजव्या बाहीवर गेली, ती तिथंच राहिली. मग चन्नवीरचंही हसू थांबलं. आत या म्हणाला.

चहा आला. चन्नवीर डाव्या हातानं कप धरून बसला. आईच्या हातून झाकण पडलं तेव्हा त्याच्या कपातला अर्धा चहा मांडीवर सांडला. अजून असं होतं, तो म्हणाला, गणपतीच्या मिरवणुकीत फटाके वाजायला लागले की मी इचलकरंजीला मावशीकडं जाऊन बसतो, तिथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात दुसरं काही ऐकू येत नाही. एवढं बोलून तो दाजी काय बोलतात याची वाट बघत राहिला.

“चन्नू,” दाजी म्हणाले, “त्यो फोनवरचा आवाज तुजा नव्हता.”

“म्हाईत हाय की. सम्राटचा व्हता.”

“तसं न्हवं. मला तवाच कळलं व्हतं. तुजा आवाज मी वळखत न्हाय व्हय? तुजा न्हाय हे कळलं, आनि तरी म्या लाईन सोडली. त्या फोनला वैतागलो व्हतो. म्हटलं, असंल उतरला.”

माझा कप हातातच राहिला. पाच अर्ज मी माझ्या हातानं लिहिले होते, आणि हे एक वाक्य त्यात कुठंच नव्हतं. चौकशीत ते कुणी विचारलं नाही, म्हणून दाजींनी सांगितलं नाही, आणि तिथून पुढं ते सांगायची त्यांची छाती झाली नाही. मला दाजींचा भयंकर राग आला. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया आली की मला खाली बघावं लागलं.

चन्नवीरनं कप खाली ठेवला.

“दवाखान्यात मी रोज इचारायचो, अमऱ्या आला का,” तो म्हणाला. “हात गेला त्यो एका दिसात गेला. तू आला न्हाईस त्ये रोज.”

दाजी रडायला लागले.

“उद्या मी तुला शाल घालनार न्हाय.”

“घालू नको.”

“माफ केलं असंबी म्हननार न्हाय. आज तरी न्हाय.”

“म्हनू नको,” दाजी म्हणाले.

“पन चहा पी. गार हुतोय.”

दाजींनी चहा प्यायला. मला वाटलं, झालं, डॉक्टर म्हणाल्या ते झालं. तेवढ्यात चन्नवीरनं विचारलं, “सम्राटला सांगितलंस ह्ये?”

दाजींनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तीन वर्षं रोज रात्रंदिवस विचार करणाऱ्या या माणसाच्या मनात सम्राट एकदाही आला नव्हता. चन्नवीरनं सांगितलं की सम्राट दर रविवारी मलकापुरातून फोन करतो. आधी हात कसा आहे विचारतो, मग माफी मागतो. तो आता खांबावर चढत नाही, पाय लटपटतात. जेवताना घास तसाच धरून बसतो, असं त्याची बायको सांगते. “मी दर येळी म्हनतो, जाऊ दे रं. पन त्याला वाटतंय, मला त्यानंच पाडलं.”

“त्यानं त्याच्या टोकाचं सांगितलं,” दाजी म्हणाले. “कोन बोलतंय, कुठनं बोलतंय, त्ये इचारायचं काम माजं व्हतं.”

मी म्हणालो, सम्राटवरचा ठपका काढावा म्हणून अर्ज लिहू, या अर्जाला नियमही आहे. चन्नवीर म्हणाला, अर्ज उद्या लिहा, आधी फोन. त्यानं डाव्या अंगठ्यानं नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल दाजींच्या हातात दिला.

पहिल्याच रिंगला सम्राटनं उचलला. आज रविवार नव्हता, त्यामुळे तो घाबरला होता. दादा, हात बरा हाय न्हवं, असं विचारत राहिला. दाजींनी आपलं नाव सांगितलं आणि मघाचं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हटलं. तो आवाज चन्नवीरचा नव्हे हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी लाईन सोडली, चूक माझी होती, तुझी नव्हे.

पलीकडून एखादी गाडी गेल्यासारखं ऐकू आलं, मग तेही थांबलं. आम्हाला वाटलं, फोन कट झाला.

“साहेब,” सम्राट म्हणाला, “त्ये परत एकदा सांगा.”

दाजींनी परत सांगितलं.

“फोन ठिवू नका,” तो म्हणाला. “बायको मागं गोठ्यात हाय. तिला घिऊन येतो. तिच्यादेखत सांगा.”

मोबाइल कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, आणि मग तो पळत गेल्याचा. दाजी उठून उभे राहिले आणि फोन दोन्ही हातांत धरून थांबले.